मला चालेल, पण लोकांना चालेल का? – अमेरिकेची निवडणूक, महिला उमेदवार आणि मतदाराचं मन



नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. परिपाठात बातम्या वाचताना अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल सांगितला. डोनाल्ड ट्रम्प जिंकले, कमला हॅरिस हरल्या. सातवीतल्या एका मुलीने लगेच हात वर केला. "बाई, आपल्याकडे दोन महिला राष्ट्रपती झाल्या. अमेरिका एवढी पुढारलेली, तरी तिथं एकही नाही. तिथले लोक बायकांना मत देत नाहीत का?"

घंटा व्हायची वेळ झाली होती. मी पटकन म्हणून गेले, "हो, तसंच काहीसं आहे." मुलीने मान डोलावली आणि खाली बसली.

घरी आल्यावर मात्र ते उत्तर मनात टोचत राहिलं. कारण ते उत्तर मी माहितीवरून दिलं नव्हतं, अंदाजाने दिलं होतं. आणि त्या उत्तरातून मुलीने काय घेतलं असेल? 'बाई म्हणून उभं राहिलं की लोक मत देत नाहीत' एवढंच ना? हे खरं आहे का, किती खरं आहे, ते मोजता येतं का, यावर नंतर जमेल तसं वाचन केलं. तोच हा पाठ. उच्च प्राथमिकच्या नागरिकशास्त्राला आणि गणितातल्या सरासरीलाही तो जोडून घेता येईल.

१) आधी एक फरक समजून घेऊ

आपले राष्ट्रपती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ही दोन पदं सारखी नाहीत.

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड जनता थेट करत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात. जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, द्रौपदी मुर्मू २०२२ मध्ये झाल्या. दोन्ही वेळा अभिमान वाटला, पण तुमच्या-माझ्या आईवडिलांनी त्यासाठी बोटाला शाई लावलेली नाही. म्हणून या निवडींवरून 'भारतीय मतदाराच्या मनात महिलांविषयी काय आहे' हे सांगता येत नाही.

पंतप्रधानपदाचंही थोडं तसंच आहे. इंदिरा गांधी जानेवारी १९६६ मध्ये पहिल्यांदा पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांची निवड काँग्रेसच्या खासदारांनी केली होती. मोरारजी देसाईंचा त्यांनी पराभव केला, तोही पक्षातल्या मतदानात. जनतेचा कौल नंतर आला. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर किंवा जर्मनीच्या अँजेला मर्केल यासुद्धा संसदेच्या वाटेनेच वर पोहोचल्या. या वाटेत आधी पक्षातल्या सहकाऱ्यांचा विश्वास मिळवावा लागतो.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख आणि सैन्याचाही सरसेनापती. आणि तिथे एकाच व्यक्तीच्या नावावर देशभर मतदान होतं. त्यातही एक गंमत आहे. विजय देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठराविक 'इलेक्टोरल' मतं असतात. एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं पडतात त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं मिळतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२) थोडा इतिहास

अमेरिकेत महिलांनी प्रयत्नच केले नाहीत असं नाही.

१८७२ मध्ये व्हिक्टोरिया वुडहल ही महिला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार म्हणून उतरली. त्या वेळी अमेरिकेतल्या बहुतेक महिलांना मतदानाचाच हक्क नव्हता! देशभर तो हक्क मिळाला १९२० मध्ये, एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने. त्याआधीच १९१६ मध्ये जेनेट रँकिन या प्रतिनिधीगृहावर निवडून गेल्या होत्या.

१९६४ मध्ये मार्गारेट चेस स्मिथ यांचं नाव रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात मांडलं गेलं. १९७२ मध्ये शर्ली चिझम डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला उतरल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या आणि महिला होत्या. राजकारणात रंगापेक्षा बाई असण्याचा अडथळा आपल्याला जास्त जाणवला, असं त्या सांगत. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो आणि २००८ मध्ये सारा पेलिन उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. दोघींचे पक्ष हरले.

मोठ्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची पहिली महिला उमेदवार व्हायला २०१६ साल उजाडलं. त्या हिलरी क्लिंटन. वुडहलबाईंपासून मोजलं तर १४४ वर्षं. दुसऱ्या कमला हॅरिस, २०२४. त्यांच्या आई श्यामला गोपालन मूळच्या चेन्नईच्या, म्हणून आपल्याकडेही त्यांची चर्चा जास्त झाली.

म्हणजे दोनच महिला शेवटच्या फेरीत पोहोचल्या आणि दोघीही हरल्या. दोन उदाहरणांवरून नियम काढायचा नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतो. इथेही तेच. म्हणून अभ्यासकांनी मतदाराचं मन वेगवेगळ्या रीतीने तपासून बघितलं.

३) लोकांना सरळ विचारलं तर?

अमेरिकेत गॅलप नावाची संस्था जनमताच्या पाहण्या करते. तिने १९३७ पासून हा प्रश्न लोकांना पुन्हा पुन्हा विचारला. उत्तरं बघा. 'हो, महिलेला मत देईन' असं म्हणणारे शंभरात किती?

१९३७ – ३३
१९४९ – ४८
१९५८ – ५४
१९७१ – ६६
१९८७ – ८२
१९९९ – ९२
२०१२ – ९५
२०१९ – ९४

मुलांना याचा स्तंभालेख काढायला द्या. ऐंशी वर्षांत तीनातल्या एकावरून जवळपास सगळ्यांपर्यंत आकडा गेला. एखाद्या समाजाचं मत इतकं बदलू शकतं, ही गोष्टच मुलांना दाखवण्यासारखी आहे.

पण इथे भाषेच्या तासाचाही एक मुद्दा आहे. १९३७ मधला प्रश्न साधारण असा होता – 'बाकी सगळ्या बाबतीत पात्र असेल, तर राष्ट्राध्यक्षपदासाठी तुम्ही महिलेला मत द्याल का?' 'बाकी सगळ्या बाबतीत' हे शब्द नीट वाचा. म्हणजे एका बाबतीत ती अपात्र आहेच, आणि ती बाब म्हणजे तिचं बाई असणं, हे प्रश्न विचारणाऱ्यानेच गृहीत धरलं होतं! पुढे प्रश्नाचे शब्द बदलले. 'तुमच्या पक्षाने एखादी पात्र व्यक्ती उभी केली आणि ती महिला असली तर मत द्याल का' अशा अर्थाचा प्रश्न आला. मतदाराचं मन बदलत होतं तसं विचारणाऱ्याचंही बदलत होतं.

तर २०१९ मध्ये शंभरातले ९४ लोक 'हो' म्हणतात. मग अडचण कुठे आहे?

४) लोक खरं सांगतात का?

वर्गात विचारा, "दुसऱ्याच्या वहीत बघून गृहपाठ कोण लिहितं?" एकही हात वर येणार नाही. म्हणजे कुणी लिहीतच नाही का? आपल्याला माहीत आहे!

मोठ्यांचंही असंच असतं. 'मी बाईला मत देणार नाही' असं अनोळखी माणसाला फोनवर सांगायला आता लाज वाटते. १९३७ मध्ये लाज वाटत नव्हती. म्हणजे आकडा वाढला त्यात खरा बदल किती आणि लाजेपोटी दिलेलं उत्तर किती, हे वेगळं करायला हवं.

त्यासाठी अभ्यासकांकडे एक छान युक्ती आहे. मॅथ्यू स्ट्रेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वापरली, त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. युक्ती अशी.

लोकांचे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे दोन गट केले. पहिल्या गटाला चार गोष्टींची यादी दिली. पेट्रोलचे वाढते भाव, खेळाडूंना मिळणारे कोट्यवधींचे पगार, गाडीत पट्टा बांधण्याची सक्ती, मोठ्या कंपन्या करतात ते प्रदूषण. आणि विचारलं, 'यातल्या किती गोष्टींचा तुम्हाला राग येतो? कोणत्या ते सांगू नका, फक्त संख्या सांगा.' दुसऱ्या गटाला हीच यादी दिली, पण पाचवी गोष्ट वाढवली – 'महिला राष्ट्राध्यक्ष होणे'. त्यांनाही फक्त संख्या विचारली.

आता कुणालाच उघडं पडायची भीती नाही. 'तीन' म्हणणाऱ्याच्या मनात कोणत्या तीन आहेत ते कुणाला कळणार? पण दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक सगळं सांगून जातो.

समजा आपल्या वर्गात ४० मुलं आहेत. २०-२० चे दोन गट केले. पहिल्या गटाच्या संख्यांची बेरीज ४० आली, सरासरी २. दुसऱ्या गटाची बेरीज ४५ आली, सरासरी २.२५. फरक ०.२५. म्हणजे वाढवलेल्या पाचव्या गोष्टीचा राग साधारण चारातल्या एकाला येतो! कुणाचंही नाव न घेता आपल्याला हे कळलं. सरासरीचा असा उपयोग पुस्तकात दिलेला नाही, पण मुलांना हे गणित फार आवडतं.

अमेरिकेतल्या त्या अभ्यासात उत्तर आलं सुमारे २६ टक्के. थेट विचारल्यावर त्या काळात दहातला एखादाच 'नाही' म्हणत होता. यादीच्या युक्तीने विचारल्यावर चारातल्या एकाला महिला राष्ट्राध्यक्ष ही कल्पना खटकत होती.

इथे थोडं जपून चालायला हवं. 'राग येणं' आणि 'मत न देणं' या दोन गोष्टी एक नाहीत. एखाद्याला कल्पना आवडणार नाही, तरी आपल्या पक्षाची उमेदवार म्हणून तो मत देऊनही टाकेल. शिवाय ही पद्धत ढोबळ अंदाज देते, तोळा-मासा वजन देत नाही. पण एवढं नक्की की वरच्या ९४ च्या आकड्याच्या खाली काहीतरी दडलेलं आहे.

५) मग प्रत्यक्ष मतदानात काय होतं?

आता मुख्य प्रश्न. मनात असलेली नावड मतपेटीत उतरते का?

इथे वाचताना मला आश्चर्य वाटलं. अमेरिकेतल्या प्रतिनिधीगृहाच्या निवडणुका तपासणाऱ्या अभ्यासकांना महिला म्हणून मतं कमी पडतात असं फारसं आढळत नाही. डॅनी हेस आणि जेनिफर लॉलेस यांनी २०१० आणि २०१४ च्या निवडणुकांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की मतदार उमेदवार बाई आहे की पुरुष यापेक्षा पक्ष कोणता हे बघतो. कॅथलीन डोलन यांचाही निष्कर्ष तसाच आहे. रिपब्लिकन माणूस रिपब्लिकन बाईला मत देतो, डेमोक्रॅट पुरुषाला देत नाही.

पक्षाची पकड किती घट्ट असते याचं एक गमतीदार उदाहरण. २०१९ च्या त्याच गॅलप पाहणीत विचारलं होतं की सत्तरीच्या पुढच्या उमेदवाराला मत द्याल का? 'हो' म्हणाले फक्त ६३ टक्के. महिलेला ९४, सत्तरीपुढच्याला ६३. आणि २०२० मध्ये शेवटच्या फेरीत कोण होतं? ७४ वर्षांचे ट्रम्प आणि ७७ वर्षांचे जो बायडन! दोघेही सत्तरीच्या पुढचे. ज्यांनी 'नाही' म्हटलं होतं त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी गुपचूप आपल्या पक्षाला मत दिलंच असणार. म्हणजे पाहणीतला 'हो' किंवा 'नाही' म्हणजे मत नव्हे.

दुसरा एक समज असा की महिला उभी राहिली की सगळ्या महिला तिलाच मत देतात. हेही खरं नाही. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये सुमारे ५४ टक्के महिलांनी क्लिंटन यांना मत दिलं. २०२४ मध्ये सुमारे ५३ टक्के महिलांनी हॅरिस यांना. आणि २०२० मध्ये, जेव्हा दोन्ही उमेदवार पुरुष होते, तेव्हा बायडन यांना ५७ टक्के महिलांची मतं होती. अमेरिकेत महिला पुरुषांपेक्षा डेमोक्रॅटिक पक्षाकडे जास्त झुकतात, हे १९८० पासून चालत आलं आहे. उमेदवार पुरुष असला तरी.

मग राष्ट्राध्यक्षपदाला काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण थोडा. योशिकुनी ओनो आणि बॅरी बर्डन यांनी एक प्रयोग केला, तो २०१९ मध्ये छापून आला. लोकांना काल्पनिक उमेदवारांच्या जोड्या दाखवल्या. वय, अनुभव, पक्ष, मतं, स्त्री की पुरुष, सगळं अदलून बदलून. आणि विचारलं, यातला कोण निवडाल? संसदेच्या उमेदवारीत महिला असल्याचा तोटा दिसला नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र दिसला. फार मोठा नाही, पण होता. आणि तो मुख्यतः अशा मतदारांमध्ये होता जे कोणत्याच पक्षाचे नाहीत, म्हणजे कुंपणावरचे मतदार.

हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे पक्षाचा आधार नाही तो मतदार दुसऱ्या खुणा शोधतो. 'सरसेनापती' म्हटलं की त्याच्या डोळ्यापुढे जे चित्र येतं ते पुरुषाचं असतं, कारण आजवर त्याने तेच पाहिलंय.

आता २०१६ चा निकाल बघू. हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली. हो, जास्त! तरी त्या हरल्या, कारण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं हातची गेली. तिथला तिन्ही राज्यांचा मिळून फरक ८० हजारांहूनही कमी होता. सव्वा कोटीहून अधिक मतांत! शंभरात एक सुद्धा नाही.

इतक्या बारीक फरकात शंभरातल्या एका-दोघांचं 'बाई नको' हे मतही निकाल फिरवू शकतं. संशोधकांना असंही दिसलं की ज्यांच्या मनात महिलांविषयी आकस जास्त होता ते लोक २०१६ मध्ये, पक्ष वगैरे बाजूला ठेवून पाहिलं तरी, ट्रम्प यांच्याकडे जास्त झुकले. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर इतक्या बारीक फरकात दुसरं कोणतंही छोटं कारणसुद्धा निकाल फिरवू शकतं. म्हणून 'क्लिंटन केवळ बाई म्हणून हरल्या' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. 'बाई असण्याचा काही संबंधच नव्हता' असंही म्हणता येत नाही.

२०२४ चं तर आणखी वेगळं. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली, हॅरिस यांना प्रचाराला जेमतेम १०७ दिवस मिळाले. महागाईने लोक वैतागले होते आणि हॅरिस त्याच सरकारात उपराष्ट्राध्यक्ष होत्या. त्या ३१२ विरुद्ध २२६ अशा हरल्या. इतकी कारणं एकत्र असताना एकच कारण वेगळं काढून दाखवणं, म्हणजे भाजीतलं मीठ वेगळं काढून दाखवण्यासारखं आहे. मीठ आहे, चवीला लागतंय, पण चिमटीत धरून दाखवता येत नाही.

६) 'मला चालेल, पण शेजाऱ्याला चालेल का?'

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

२०२० च्या निवडणुकीआधी डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवारीसाठी तब्बल सहा महिला उतरल्या होत्या. एलिझाबेथ वॉरन, एमी क्लोबुशार, कमला हॅरिस अशी चांगली अनुभवी नावं. त्यातल्या एकीलाही उमेदवारी मिळाली नाही.

त्याच सुमारास, जून २०१९ मध्ये, इप्सॉस संस्थेने डेमोक्रॅटिक आणि कुंपणावरच्या मतदारांना दोन प्रश्न विचारले. पहिला, महिला राष्ट्राध्यक्ष तुम्हाला चालेल का? ७४ टक्के म्हणाले, चालेल. दुसरा, तुमच्या शेजाऱ्यांना चालेल का? 'चालेल' म्हणणारे फक्त ३३ टक्के!

जरा थांबून विचार करा. हे शेजारी कोण? तेही त्याच गावातले, तसलेच लोक. प्रत्येक जण म्हणतोय, 'मी चांगला आहे, पण बाकीचे तसे नाहीत.' चौघांतले तिघं तयार आहेत, पण प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच तयार आहोत.

मग तो मतदार काय करतो? त्याला आपला पक्ष जिंकायला हवा असतो. तो म्हणतो, 'बाई हुशार आहे, मला पटते, पण लोक मत देणार नाहीत. कशाला धोका घ्या? पुरुषालाच उमेदवारी देऊ.' त्याच्या स्वतःच्या मनात आकस नाही. पण दुसऱ्याच्या मनातल्या आकसाच्या भीतीने तो तेच करतो जे आकस असलेला माणूस करेल. रेजिना बेटसन या अभ्यासिकेने २०२० मध्ये याच गोष्टीवर लेख लिहिला आणि सांगितलं की हाही एक प्रकारचा भेदभावच आहे.

आपल्या भाषेत याला 'लोक काय म्हणतील' म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही!

आणि हा परिणाम मतपेटीत दिसत नाही, कारण तो मतदानाच्या आधीच होऊन जातो. जी उभीच राहिली नाही तिची मतं मोजणार कशी? लॉलेस आणि रिचर्ड फॉक्स यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की सारखं शिक्षण, सारखा अनुभव असलेल्या स्त्री-पुरुषांत निवडणुकीला उभं राहण्याचा विचार स्त्रिया कमी करतात, आणि 'तुम्ही उभे राहा' असं पक्षाकडून त्यांना कमी वेळा विचारलं जातं.

आपल्या शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. दरवर्षी बघा, मुली सांस्कृतिक मंत्री, स्वच्छता मंत्री व्हायला तयार असतात. मुख्यमंत्रिपदाला विचारलं की एकमेकींकडे बघतात. "बाई, मुलं मत देणार नाहीत." मुलांना विचारलंय का? नाही! अंदाज. मी सातवीच्या त्या मुलीला घाईत जे उत्तर दिलं होतं त्याने याच अंदाजाला खतपाणी घातलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

७) मन बदलतं का?

बदलतं. आणि याचा चांगला पुरावा आपल्याच देशातून मिळालेला आहे.

१९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. पुढे महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्के केलं. पश्चिम बंगालमध्ये कोणत्या गावाचं प्रधानपद राखीव होईल हे नेमून दिलेल्या क्रमाने ठरत असे, गावाच्या इच्छेने नाही. म्हणजे अभ्यासाला आयतीच सोय झाली. एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे, लोरी बीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गावांचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी गावकऱ्यांना प्रधानाचं एक भाषण ऐकवलं. शब्द तेच, पण काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या आवाजात. जिथे कधीच महिला प्रधान नव्हती त्या गावांत पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी गुण दिले. जिथे महिला प्रधान होऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ गेला होता. आणि ज्या गावांत दोनदा जागा राखीव झाली होती, तिथे नंतर खुल्या जागेवरही महिला जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त निवडून आल्या.

यात एक बारकावा आहे. गावकऱ्यांची आवड फारशी बदलली नव्हती. 'पुढारी पुरुषच बरा' असं त्यांना अजून वाटतच होतं. बदलला तो अंदाज, की बाईला काम जमतं की नाही. काम बघितलं आणि अंदाज सुधारला. आवड बदलायला पिढी जाते, अंदाज मात्र डोळ्यांनी बघितल्यावर बदलतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे पती बसतात, हे आपण बघतोच. तिथे बघायलाच मिळत नाही, तर अंदाज कसा सुधारेल?

अमेरिकेच्या शेजारचा मेक्सिको बघा. तिथे २०१४ मध्ये संसदेच्या उमेदवारीत स्त्री-पुरुष समान संख्या असलीच पाहिजे अशी घटनेतच तरतूद झाली, २०१९ मध्ये ती आणखी विस्तारली. लोकांना महिला खासदार, महिला राज्यपाल दिसू लागल्या. जून २०२४ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन्ही मुख्य उमेदवार महिलाच होत्या! क्लाउडिया शाइनबॉम सुमारे ६० टक्के मतं घेऊन जिंकल्या. थेट जनतेच्या मतांनी. त्याआधी १९८० मध्ये आइसलँडला विगदिस फिनबोगादोत्तिर, २००५ मध्ये लायबेरियाला एलेन जॉन्सन सरलीफ, २०१० मध्ये ब्राझीलला दिल्मा रुसेफ, अशा कितीतरी महिला थेट मतांनी निवडून आल्या आहेत.

८) तर त्या मुलीला उत्तर काय द्यायचं?

मी दुसऱ्यांदा उत्तर दिलं ते साधारण असं.

मतदाराच्या मनातल्या मताचा परिणाम होतो. पण बहुतेक मतदार आधी पक्ष बघतात, म्हणून तो परिणाम आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो. लढत अटीतटीची असेल तर छोटा परिणामही भारी पडू शकतो. सगळ्यात जास्त नुकसान मत न देणाऱ्यांपेक्षा 'लोक मत देणार नाहीत' असं आधीच ठरवून टाकणाऱ्यांकडून होतं. आणि हे ठरवणारे चांगल्या मनाचे लोकही असतात. त्यात तुमच्या बाईही होत्या.

मुलीने विचारलं, "मग बाई, लोकांच्या मनात काय आहे ते कळणार कसं?" मी म्हटलं, "उभं राहूनच कळतं गं."

वर्गात घेण्यासाठी

१. गॅलपच्या आकड्यांचा स्तंभालेख काढा. कोणत्या दोन नोंदींच्या मध्ये सर्वांत जास्त वाढ झाली? मधली वर्षं सारखी आहेत का, तेही तपासा.

२. यादीची युक्ती वर्गात करून बघा. चार साध्या गोष्टी निवडा, पाचवी गोष्ट 'दुसऱ्याच्या वहीत बघून गृहपाठ लिहिणे' ही ठेवा. 'यातल्या किती गोष्टी तुम्ही या महिन्यात केल्या?' एवढंच विचारा. चिठ्ठीवर फक्त संख्या, नाव नाही. आपला वर्ग लहान असल्याने उत्तर ढोबळच येईल, हेही मुलांना सांगा.

३. शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीआधी दोन प्रश्न चिठ्ठीवर विचारा. 'मुख्यमंत्री मुलगी झाली तर तुला चालेल का?' आणि 'वर्गातल्या बाकीच्यांना चालेल का?' दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मग अर्ज मागवा. क्रम बदलू नका, आधी फळा, मग अर्ज.

४. एकच परिच्छेद एका मुलाला आणि एका मुलीला वाचायला सांगून 'कोण चांगला नेता वाटतो' असं विचारायचा मोह होईल. तो उपक्रम करू नका. वाचणाऱ्या मुलांची मनं दुखावतील. आवाज ध्वनिमुद्रित आणि अनोळखी असेल तरच करा.

५. चर्चेसाठी प्रश्न : आपल्या गावात आजवर किती महिला सरपंच झाल्या? त्यातल्या किती राखीव जागेवर आणि किती खुल्या जागेवर? ग्रामपंचायतीत जाऊन यादी करा. ग्रामसभेचा प्रत्येक निर्णय कोणी सांगितला, तेही आजी-आजोबांना विचारा.

तिसऱ्या उपक्रमाचं तुमच्या वर्गात काय उत्तर आलं ते नक्की कळवा. वाट बघते.